एक नदी, दोन देश आणि एक भाषा

बेळगाव-निपाणीचा विषय निघाला की आपण नकाशावर बोट ठेवतो. ती राज्यांमधली सीमा. दोन देशांची सीमा भाषेचं काय करते, हे बघायचं तर बिदासोआ नदीवर जायला हवं.

अलीकडे स्पेनचं इरुन, पलीकडे फ्रान्सचं आंदाय. मधल्या छोट्याशा बेटावर १६५९ साली दोन्ही राजांचा तह झाला आणि पिरेनीज पर्वत ही सीमा ठरली. दोन्ही काठांवर लोक बोलत होते बास्क. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेशी जिचं नातं सिद्ध झालेलं नाही, अशी ही भाषा. तह करताना त्या लोकांना कुणी विचारलं नाही.

पुढे दोन्हीकडच्या शाळांत एक प्रकार चालायचा. बास्क बोलताना सापडलेल्या पोराच्या हाती अंगठी द्यायची. त्याने बास्क बोलणारं दुसरं पोर पकडून ती त्याच्या गळ्यात मारायची. शेवटी अंगठी ज्याच्याकडे, शिक्षा त्याला. म्हणजे भाषा मोडायला पोरांनाच कामाला लावलं.

फ्रँकोच्या राजवटीत (१९३९ ते १९७५) स्पेनच्या बाजूला जास्त दडपशाही होती. कित्येक बास्क नदीपलीकडे आसऱ्याला गेले. मग फासा उलटला. १९७९ मध्ये स्पेनमधल्या तीन बास्क प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि भाषा स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत झाली. शाळा, सरकारी नोकरी, टीव्ही, सगळीकडे ती आली.

फ्रान्सने मात्र १९९२ मध्ये घटनेतच लिहिलं, प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच. २०२१ मध्ये तिथल्या संसदेने सरकारी शाळांत प्रादेशिक भाषेतून शिकवायला मोकळीक दिली, तर घटना परिषदेने दीड महिन्याच्या आत ते कलम रद्द केलं.

आता आकडे बघा. हे १६ वर्षांवरच्या लोकांचे आहेत. स्पेनच्या त्या तीन प्रांतांत १९९१ साली साधारण २४ टक्के लोक बास्क बोलायचे, २०२१ साली ३६. फ्रान्सच्या बाजूला १९९६ साली २६ टक्के होते, २०२१ साली २०.

लोक तेच, भाषा तीच. फरक पडला तो शाळेने आणि सरकारी कचेरीने.

आपल्यावर तर कुणी अंगठीही लादलेली नाही. तरी आपल्या गावातल्या मराठी शाळेचा पट यंदा किती आहे, एकदा जाऊन बघा. आणि आपलं पोर कुठल्या शाळेत आहे, तेही खाली लिहा.