सम्राटाची अळंबी आणि तिची विषारी बहीण

रोमन सम्राट क्लॉडियस इ.स. ५४ मध्ये मरण पावला. त्याच्या आवडत्या अळंबीतून त्याला विष दिले, असे टॅसिटस व स्युटोनियस यांनी लिहून ठेवले आहे. ही अळंबी बहुधा अमानिटा सीझेरिया असावी. तिच्यात अमानिटा फॅलॉइडिस ही विषारी जाती मिसळली गेली, असा तर्क पुढे मांडला गेला. आपण तो तपासून पाहू.

दोन्ही जाती एकाच प्रजातीतल्या. युरोपात दोन्ही ओकसारख्या झाडांच्या मुळांशी सहजीवन करतात. दोघींच्या देठावर कडे आणि तळाशी पांढरी पिशवी असते. कोवळेपणी दोन्ही अंड्यासारख्या दिसतात. वाढल्यावर मात्र पहिलीची टोपी नारिंगी, तर टोपीखालच्या पट्ट्या पिवळ्या होतात. दुसरीची टोपी सहसा हिरवट आणि पट्ट्या पांढऱ्या असतात.

दुसरीतील अमाटॉक्सिन शिजवूनही नष्ट होत नाही. पेशीतील एक महत्त्वाचे विकर ते रोखते. त्यामुळे नवी प्रथिने बनेनाशी होतात व यकृत निकामी होते. पण लक्षणे दिसायला बहुधा ६ ते १२ तास, आणि मृत्यूला काही दिवस लागतात. क्लॉडियस तर, एका वृत्तान्तानुसार, रात्रभर तळमळून पहाटेपूर्वीच गेला! म्हणजे केवळ फॅलॉइडिसने हा मृत्यू घडला, हे पटत नाही.

ही गोष्ट वर्गात सांगताना आपण एक मुद्दा ठसवायला हवा. ‘खाऊन चार तास झाले, काही झाले नाही’ हा अळंबी निर्धोक असल्याचा पुरावा नव्हे.