फुकट की मोकळे?

आपल्या बॅचमधल्या एका मित्राने आणि मी शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आता आणखी दोन शाळांनी तो मागितला आहे. द्यायचा, यावर सर्वांचे एकमत आहे. पण ‘यावर कोणी एक पैसाही घेता कामा नये’ अशी अट घालावी, असे ग्रुपवर बहुतेकांचे म्हणणे पडले. मला ते पटत नाही. कारण सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगते.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही पहिली आवृत्ती इंटरनेटवर ठेवली. परवाना त्याने स्वतःच लिहिला होता. सोर्स कोड सर्वांना मिळाला पाहिजे, कॉपीराइटची नोंद पुसायची नाही आणि वाटताना पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही!

हेतू चांगलाच होता, पण तेव्हा इंटरनेट फार थोड्यांकडे होते. बाकीच्यांसाठी फ्लॉपी विकत आणायच्या, कॉपी करायच्या, पोस्टाने पाठवायच्या. खर्च मागितला तर परवाना मोडतो. नाही मागितला तर वाटणारा पदरचे किती दिवस घालणार?

जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीबरोबर टोरवाल्ड्सने ही अट काढायची ठरवले आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचा परवाना, म्हणजे जीपीएल, स्वीकारत असल्याचे कळवले. ज्यांनी कोड लिहायला मदत केली होती, त्यांची हरकत नसेल तर १ फेब्रुवारीपासून बदल लागू होणार होता.

जीपीएल पैसे घ्यायला मनाई करत नाही. मात्र जो प्रोग्रॅम पुढे देईल, त्याने घेणाऱ्याला सोर्स कोडही द्यायचा आणि तो बदलण्याचे, वाटण्याचे तेच हक्क द्यायचे. सुधारणा करून वाटली, तर तीही याच अटीवर. एमआयटी किंवा बीएसडी परवान्यात हे बंधन नाही. मूळ लेखकाची नोंद ठेवली की सुधारलेला प्रोग्रॅम कुलूपबंद करूनही विकता येतो.

इंजिनिअरिंगला असताना मला लिनक्स मिळाले ते विकत घेतलेल्या संगणक मासिकाबरोबरच्या सीडीवर. पहिली अट कायम असती, तर ती सीडी कोणी काढलीच नसती. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९९२ मध्ये विचारायला माणसे मोजकी होती, म्हणून परवाना बदलता आला. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. टोरवाल्ड्सला नव्या अटी पसंत नव्हत्या हे खरे. पण पसंत असत्या, तरी तोवर कोडवर हजारो जणांचा हक्क झाला होता. त्या सगळ्यांची संमती कोण गोळा करणार?

आपल्या प्रोग्रॅमवर आज दोघांचाच हक्क आहे. काहीच न ठरवता तो देणेही बरोबर नाही, कारण परवाना नसला तर कायद्याने सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. घेणाऱ्या शाळेला त्यात सुधारणा करण्याची मुभाही मिळत नाही.

माझे मत जीपीएलला. एखाद्या गावातल्या संगणकवाल्याने तो शाळेत बसवून देऊन मेहनताना घेतला, तर घेऊ दे. त्याने केलेली सुधारणा मात्र त्या शाळेला उघडी मिळाली पाहिजे. मित्राची संमती मिळाली आहे. तुमची हरकत असेल, तर संमेलनात जेवणाच्या पंगतीत भांडू. तिसरा हात कोडला लागण्याआधी!