दहांतला एक परत आला, तो परका होता

पनवेलजवळच्या नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. ही संस्था गांधीवादी परंपरेतली, ख्रिस्ती नव्हे. पण तिथून परतताना आम्हा कार्यकर्त्यांत दरवेळी एकच वाद रंगतो. ज्याची सेवा झाली त्याने कृतज्ञ राहायचे, म्हणजे नेमके काय करायचे?

कुष्ठसेवा आणि कृतज्ञता ही जोडी जगभर नेली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. म्हणून आधी त्यांचेच पुस्तक उघडू. लूकच्या शुभवर्तमानात, 17व्या अध्यायात, दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानायला एकच परत येतो आणि तो निघतो शोमरोनी. यहुदी ज्यांना बाटलेले समजत, ज्यांचा विटाळ मानत, त्यांच्यातला. आपल्याला हा माणूस ओळखीचा वाटायला हवा! येशू त्याला पायाशी बसवून ठेवत नाही, उठवून वाटेला लावतो.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथेच आहे. देवाची कृपा आधी आणि फुकट मिळते. माणसाने केलेली सेवा ही त्या कृपेची किंमत नसते, ते आभार असतात. वेलस्ली बेली यांनी अंबाल्यात कुष्ठरोग्यांचे हाल पाहिले आणि 1874 मध्ये त्यांच्यासाठी मिशन काढले. पुढे अचलपूरजवळ कोठाऱ्याला, आपल्या रायगडात पोलादपूरला हे काम पोहोचले. त्या काळात सरकार काय करत होते? 1898 च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला वॉरंटशिवाय पकडून कोंडायची सोय करत होते. आणि ब्राह्मणी समाजाकडे 'पूर्वजन्मीचे पाप' हे निदान तयारच होते.

तेव्हा 'मिशनरी फक्त बाटवायला आले' हा प्रचार आपण तरी करू नये. जखम धुणाऱ्या हाताचे ऋण मान्य करायला कमीपणा कसला?

पण बाबासाहेब इथे थांबले नाहीत. त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी 5व्या खंडात ख्रिस्तीकरणावरचे निबंध आहेत. मिशनच्या शिक्षणाचा आणि दवाखान्यांचा मोठा लाभ वरच्या जातींनीच उचलला, हा त्यांचा हिशेब आहे. दुसरा मुद्दा अधिक टोचणारा आहे. धर्मांतरित अस्पृश्याला आपल्या दुःखाचे कारण व्यवस्थेत नव्हे, स्वतःच्या पापात शोधायला शिकवले गेले. मग तो आभार मानतो, पण लढत नाही. पूर्वजन्मीचे पाप गेले आणि आदिपाप आले, एवढाच फरक! आमच्या मते बाबासाहेबांचा हा आक्षेप आजच्या प्रत्येक सेवाभावी संस्थेला लागू आहे, आम्ही काम करतो त्या संस्थांनाही.

जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत गौरव आहेच, पण लगेच इथल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची अपेक्षाही आहे. आभार मानायचे आणि त्याच दमात हक्काचे बोलायचे, हे आपल्याला तिथून मिळाले.

कुष्ठरोग्याच्या बाबतीत हक्क फार उशिरा आले. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली 1981 मध्ये आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. 1898 चा कायदा मात्र रद्द झाला 2016 मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात राहिले ते थेट 2019 पर्यंत. हिंदू विवाह कायद्यात होते, तसे ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यातही होते.