उजव्या हाताला नदी



मागच्या भागात आपण राणी दुर्गावतीच्या गढामंडल्याविषयी बोललो. आज त्याच मुलुखात थांबायचं आहे. जबलपूर शहराच्या दक्षिणेला नर्मदेवर ग्वारीघाट आहे. संध्याकाळी आरती असते, नावा असतात, पाण्यावर दिवे सोडलेले असतात आणि समोरच्या काठावर गुरुद्वारा दिसतो. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक नावेत बसतात, पलीकडे जाऊन येतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी भेडाघाट गाठतात.

पण याच घाटावर एखादा माणूस असा भेटतो, जो काही केल्या नावेत बसत नाही. तो परिक्रमावासी असतो. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि प्रवाह ओलांडायचा नाही, असा त्याचा नियम असतो. ग्वारीघाट उत्तर काठावर आहे, म्हणून इथून तो पूर्वेकडे, मंडला आणि अमरकंटकच्या दिशेनं चालत जातो. गुरुद्वारा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तिथं पोचायचं तर त्याला आधी अमरकंटकला वळसा घालावा लागतो.

1986 साली मी लष्कराच्या आयुध विभागात कॅप्टन होतो आणि एका कोर्ससाठी जबलपूरला होतो. रविवारी सायकलनं घाटावर जायचो. तेव्हा मला हा सगळा प्रकार निव्वळ श्रद्धेचा वाटायचा. पुढं आयुष्यभर शिधा, कपडा, दारूगोळा यांचे हिशेब केले आणि निवृत्तीनंतर परिक्रमेचे नियम पुन्हा वाचले, तेव्हा ओळखीची भाषा दिसली. ही तर रसदीची भाषा होती.

साधा हिशेब करून बघा. परिक्रमा साधारण 2,600 किलोमीटरची आणि पारंपरिक मुदत 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवसांची. चातुर्मासातला मुक्काम धरला तर सरासरी दिवसाला दोन-सव्वादोन किलोमीटर पडते. इतकं हळू कशाला, असं आपल्याला वाटतं. पण काठावरच्या गावाच्या बाजूनं बघा. दहा-वीस उंबऱ्यांच्या गावात रोज दोन माणसं येतात, भाकरी खातात आणि पुढं जातात. ते गावाला झेपतं. पावसाळ्यात उपनद्यांना पूर असतो आणि शेतात पीक उभं असतं, तेव्हा वाटसरूनं एका जागी बसावं. जवळ पैसा बाळगू नये. मिळेल ते घ्यावं. सदावर्तात बहुधा कोरडा शिधा मिळे, म्हणजे पीठ, डाळ, मीठ. रांधायचं आपलं आपण. यजमानाचं सरपण आणि त्या घरातल्या बाईचे कष्ट दोन्ही वाचत. अहिल्याबाई होळकरांनी 1767 ते 1795 या काळात महेश्वरहून राज्य केलं आणि ठिकठिकाणी घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली. त्याकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. मला त्यात उत्तम पुरवठा-व्यवस्थाही दिसते. यात्रेकरूंचा भार एकट्या गरीब गावावर न पडता राज्याच्या खजिन्यावरही पडावा, अशी ती सोय होती.

पैसा न बाळगण्याच्या नियमाला आणखी एक बाजू असावी, असा माझा तर्क आहे. हा ठगांचा मुलूख होता. त्यांचा बंदोबस्त करणारा स्लीमन जबलपुरातच होता. 1835 च्या नोव्हेंबरात तो भेडाघाटच्या जत्रेला गेला होता. 1844 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनाची सुरुवातच नदीकाठच्या जत्रांपासून होते. म्हणजे गर्दी तेव्हाही होत होती, पण ती ठरल्या तिथीला यायची आणि पांगायची.

गर्दीचा स्वभाव बदलला तो रेल्वेनं. 1870 च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. मग संगमरवरी खडक बघायला साहेबलोक येऊ लागले. नुसतं बघायला येणारा माणूस या नदीला तसा नवाच होता. लोहमार्गाच्या मोजणीच्या काळात बॉडिंग्टन नावाचा एक इंजिनिअर त्या खडकांमधून नावेनं जात होता. मधमाश्या उठल्या, त्यानं पाण्यात उडी मारली आणि तो बुडाला. कड्यावरची ती मोहोळं आजही लटकलेली दिसतात. नावाडी तिथं आवाज खाली आणतात, आपले लोक मात्र शिट्ट्या मारतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आली. तिला ग्वारीघाटचं स्टेशन होतं. गोंदिया-बालाघाटकडची मराठी माणसं पर्वणीला तिनं स्नानाला येत. ती गाडी 2015 मध्ये बंद झाली आणि आता मोठ्या रुळांची गाडी धावते. स्टेशन आहेच, तरी आपण घाटावर येतो ते मोटारीनं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला फारशी बरी नाही.

काही वर्षांपूर्वी मी आणि सौ. बसनं परिक्रमेला गेलो. आम्ही चाळीस माणसं होतो आणि अठरा दिवसांचा कार्यक्रम होता. ग्वारीघाटावर पोचलो तेव्हा हिवाळा होता आणि पाण्यावर पांढऱ्या गल पक्ष्यांचे थवे होते. दहा रुपयांना शेवेची पुडी मिळत होती. मी दोन घेतल्या आणि नावेतून उधळल्या. पक्षी अंगावर आले, मजा वाटली. नावाडी म्हणाला, "साहब, ये मछली खाने आते हैं, आप लोग नमकीन खिलाते हो." बोलण्यात राग नव्हता. पुडी विकणारा त्याचाच भाचा होता, हेही त्यानंच सांगितलं. माझ्या हातातली रिकामी पिशवी वाऱ्यानं उडाली आणि नदीत गेली. जन्मभर छावणी उठवताना जमिनीवर काडी राहू न देणारा मी नुसता बघत बसलो.

त्यापेक्षा वाईट दुसऱ्या दिवशी घडलं. मंडल्याच्या रस्त्यावर एका लहान आश्रमात आमचा मुक्काम होता. पाण्याची एक टाकी, एक चूल. चाळीस जणांनी गरम पाणी मागितलं, त्यात मीही होतो. दिवेलागणीला दोन बाया चालत आल्या. साठीच्या असाव्यात, बोलण्यावरून विदर्भातल्या. पायांना भेगा, पाठीवर पडशी. टाकी कोरडी पडली होती आणि भातही संपला होता. आश्रमातल्या माताजींनी पुन्हा चूल पेटवली. त्या बाया अंधारात काठीच्या आधारानं नदीवर उतरल्या आणि कमंडलू भरून आल्या. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एकीनं त्यांच्याबरोबर फोटो मात्र काढून घेतला.

चाळीस माणसं एका रात्री, की रोज दोन माणसं वीस दिवस? कागदावर बेरीज सारखीच येते. विहिरीला ती सारखी नसते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, माझा तो धंदाच होता.

आणि जे सदावर्त आपण गृहीत धरतो, ते देणारी गावं तरी कुठं राहिली? ग्वारीघाटच्या वरच्या अंगाला बर्गीचं धरण 1990 च्या सुमारास भरलं. 162 गावं बाधित झाली आणि जुनी पायवाट कित्येक ठिकाणी पाण्याखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या परिक्रमावासीला पीठ घालणारे कितीतरी लोक जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागले. आपण त्याच जलाशयावर नौकाविहाराला जातो.

मग जाऊच नये का? तसं मी म्हणणार नाही. जबलपुरातच एक नमुना होऊन गेला. चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदाकाठानं चालायला निघाले. एका दमात परिक्रमा पुरी करायची नव्हती. सवड मिळेल तेव्हा एक तुकडा, मग घरी परत, पुढं कधीतरी त्याच्या पुढचा तुकडा. बरोबर चित्रांची वही. वर्षानुवर्षं ते असे चालत राहिले. त्यातून झालेल्या गुजराती पुस्तकाला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये ते गेले.

आमचा पहिला तुकडा येत्या दिवाळीनंतर आहे. गोंदियाहून रेल्वेनं ग्वारीघाट स्टेशन आणि तिथून चार दिवस पूर्वेला, जमेल तितकं. दोघंच. पाठीवर सात-सात किलो, पीठ आणि डाळ स्वतःची. तवा कुणी उचलायचा यावर अजून एकमत झालेलं नाही. सौ. म्हणते, रसदीचा अधिकारी घरात असताना मी का उचलू?