निर्लेखनापूर्वीचा संगणक : परभणी जिल्हा, हलके लिनक्स आणि देवनागरी

अनुदानित शाळेत किंवा सरकारी कार्यालयात आलेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉक नोंदवहीत चढवली जाते आणि निर्लेखन, म्हणजे ती वस्तू निरुपयोगी ठरवून नोंदीतून कमी करण्याची रीतसर प्रक्रिया, पार पडेपर्यंत ती त्या संस्थेच्या नावावर राहते. टेबल, कपाट, घंटा यांच्या बाबतीत वस्तूची झीज आणि तिचे निर्लेखन यांचा मेळ सहसा बसतो. संगणकाच्या बाबतीत तो बसला नाही. ज्याचा पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि कळफलकाची प्रत्येक कळ उठते असे यंत्र पाच-सात वर्षांत निकामी म्हणून कोपऱ्यात गेले, कारण त्यावर चालवायच्या प्रणालीची मागणी यंत्राच्या स्मृतीपेक्षा मोठी झाली होती. कमी स्मृतीत चालणारी लिनक्स प्रणाली हा या अकाली निवृत्तीवरचा उपाय होता आणि तो विनामूल्यही होता. परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने या उपायाचा इतिहास पाहिला, तर त्याची वाट यंत्राच्या दुबळेपणापेक्षा लिपीने अधिक काळ अडवली होती असे दिसते.

काही संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. संगणक एका वेळी जे काम हातात धरतो ते ज्या तात्पुरत्या जागेत ठेवतो, तिला रॅम किंवा कार्यस्मृती म्हणतात. ती अपुरी पडली की प्रणाली हार्ड डिस्कचा काही भाग स्मृतीसारखा वापरते, त्याला स्वॅप म्हणतात, आणि डिस्क ही रॅमपेक्षा कितीतरी पटींनी संथ असल्यामुळे ‘संगणक लटकतो’ असे ज्याला बोलीत म्हटले जाते तो अनुभव येतो. लिनक्स हे काटेकोरपणे पाहता केवळ कर्नलचे, म्हणजे यंत्राचे भाग आणि आज्ञावल्या यांच्यामधील गाभ्याचे, नाव आहे. या गाभ्याभोवती साधने, खिडक्यांची मांडणी आणि उपयोजने जुळवून जो तयार संच दिला जातो त्याला वितरण म्हणतात. वितरण हलके करायचे ते मुख्यतः या बाहेरच्या थरांत कपात करून, कारण सर्वाधिक स्मृती खिडक्यांची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, आणि ब्राउझर यांनाच लागते.

गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतला हा कापसाचा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळे झाल्यावर त्याला आजचा आकार आला. संगणकाचा प्रसार त्यानंतरच्या दशकातला. १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालये आणि जिल्हाधिकारी कार्यालय ही संगणकाची आरंभीची स्वाभाविक ठिकाणे. सर्वसामान्य तरुणापर्यंत मात्र संगणक पोचला तो महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे. महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरू लागल्यामुळे तालुक्याच्या गावी प्रशिक्षण केंद्रे निघाली. या अभ्यासक्रमाचा पाया विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हा होता, त्यामुळे ‘संगणक येतो’ याचा अर्थ ‘विंडोज येते’ असा एका संपूर्ण पिढीच्या मनात ठसला. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने आयसीटी ॲट स्कूल ही योजना आणली. तिच्यातून शाळांत संगणक कक्ष उभे राहिले, आणि महाराष्ट्रात ते बव्हंशी पुरवठादाराने उभारून, चालवून, मुदतीअंती शाळेकडे हस्तांतरित करायचे अशा पद्धतीने आले. हस्तांतर होईपर्यंत यंत्रे एका पिढीने मागे पडलेली असत, आणि ती जिवंत ठेवण्याची जबाबदारी नेमकी त्याच क्षणी शाळेकडे येई.

मागे पडणे म्हणजे काय, हे आकड्यांत नीट दिसते. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीची किमान गरज ६४ मेगाबाइट रॅमची होती आणि शिफारस १२८ ची. २००७ मधील व्हिस्टाची किमान गरज ५१२ मेगाबाइट होती. २००९ मधील विंडोज ७ ला पूर्ण एक गिगाबाइट लागे. म्हणजे आठ वर्षांत उंबरठा सोळापट उंचावला, आणि २००४ च्या सुमारास २५६ मेगाबाइट घेऊन आलेला संगणक त्याखाली राहिला. लिनक्सचा जन्म मात्र टंचाईतच झाला होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत ज्या ३८६ यंत्रावर तो लिहिला, त्यात केवळ ४ मेगाबाइट रॅम होती. भारतात तो मोठ्या संख्येने पोचला तो १९९६ पासून पीसीक्वेस्ट या इंग्रजी मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींमधून, ज्यामागे बंगळूरच्या अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. ज्या गावात इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत येई, तिथे अंकासोबतची सीडी हाच सहाशे मेगाबाइटची प्रणाली मिळवण्याचा व्यवहार्य मार्ग होता.

हलक्या वितरणांची लाट त्यानंतरची. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये पपी लिनक्स सुरू केले. ते संपूर्णपणे रॅममध्ये उतरून चालू शके आणि डिस्क नसलेल्या यंत्रावरही काम करी. डॅम स्मॉल लिनक्सने आपला सारा संच ५० मेगाबाइटमध्ये बसवला. ग्रीसमधून अँटीएक्स आले, आणि २००६ मध्ये तैवानच्या होंग जेन यी यांनी एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप लिहायला घेतला, ज्याभोवती पुढे लुबंटू हे वितरण उभे राहिले आणि २०११ मध्ये उबंटू परिवाराचे अधिकृत सदस्य झाले.

मराठवाड्याच्या संदर्भात या प्रणालींचा एक गुण स्मृतीच्या काटकसरीइतकाच महत्त्वाचा होता. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राचा ग्रामीण भाग दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसत होता, आणि शाळेतल्या यूपीएसची बॅटरी एकदा बसली की ती बदलायला निधी मिळणे दुरापास्त असे. चालू संगणकाची वीज अचानक गेली की डिस्कवरची अर्धवट नोंद फायलींची व्यवस्था बिघडवते. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी-२ या रचनेत अशा प्रत्येक खंडानंतर संपूर्ण डिस्क तपासावी लागे. नोव्हेंबर २००१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलेल्या ईएक्सटी-३ ने बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका रोजकीर्दीत ठेवण्याची पद्धत आणली, त्यामुळे वीज परतल्यावर यंत्र थोड्याच वेळात सावरू लागले. पपीची मूळ प्रणाली तर केवळ वाचता येणाऱ्या एका दाबलेल्या फायलीत असे. वीज गेली तर तेवढ्या वेळचे काम बुडे, पण प्रणालीला धक्का लागत नसे. जिथे दुरुस्ती करणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणाहून बोलवावा लागतो, तिथे या फरकाचे मोल फार मोठे आहे.

असे असूनही ही वितरणे मराठी कार्यालयात किंवा वर्गात रुजली नाहीत. याचे कारण लिपीत होते. रोमन लिपीत अक्षरे एकामागून एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली जाऊनही त्याच्या आधी काढावी लागते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही जुळणी करणारा एक स्वतंत्र थर प्रणालीत असावा लागतो. लिनक्सच्या जगात तो पँगो या नावाने तयार झाला आणि २००२ मधील जीटीके-२ या साधनसंचात अंगभूत झाला. डॅम स्मॉल लिनक्ससारखी अतिहलकी वितरणे जीटीकेच्या आधीच्या पिढीवर आणि एफएलटीके या दुसऱ्या साधनसंचावर उभी होती. त्यांचा हलकेपणा ज्या गोष्टी वगळून साधला होता, त्यांतच देवनागरीची जुळणी होती. सोबत मराठीचा टंक, म्हणजे फॉन्टही नसे, म्हणून मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत.

हा प्रश्न सोडवण्याचे बरेचसे काम महाराष्ट्रातच झाले आणि त्याची आठवण जितकी ठेवली जायला हवी तितकी ठेवली गेलेली नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट हे भारतीय लिपींचे तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. त्या काळी देवनागरी दाखवण्याचा भार यंत्रावर न टाकता तो एका वेगळ्या कार्डावर टाकला जाई. १९९१ मध्ये भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाणक आले आणि त्याच घराण्यातल्या मांडणीवरून युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीतील देवनागरी बेतली गेली. मुंबईत र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी मंगल हा टंक घडवला. इंडलिनक्स आणि व्हीजेटीआयच्या जितेंद्र शाह यांचा इंडिकट्रान्स गट मुक्त प्रणालींत भारतीय भाषा आणण्यासाठी झटले, आणि गार्गी हा मुक्त टंक त्याच प्रयत्नांतला. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित टंक मुक्त परवान्याखाली दिले, आणि पुढे त्या कंपनीच्या पुण्यातील चमूने त्यांची देखभाल केली. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या टंकांवर आजचा मराठी मजकूर उघडला तर ‘ॲप’ आणि ‘बॅट’ यांपैकी पहिल्या शब्दाच्या सुरुवातीला चौकोन दिसतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला भेद दाखवणारा अर्धा र, जो हिंदीला लागत नाही, त्याचीही स्वतंत्र काळजी घ्यावी लागली.

जीटीके-२ वर उभा राहिलेला एलएक्सडीई म्हणूनच मराठीच्या दृष्टीने वळणबिंदू ठरतो. त्याच्यासोबत पँगो येई, आणि एका मेगाबाइटपेक्षाही लहान असलेला लोहित टंक बसवला की २५६ मेगाबाइटच्या यंत्रावर इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकाने शुद्ध मराठी लिहिता येई. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या बॉस या भारतीय वितरणात मराठीची सोय चांगली होती, पण त्याचा जीनोम डेस्कटॉप जुन्या यंत्राला जड जाई.

तोवर एक दुसरी गाठ घट्ट बसली होती. १९९० च्या दशकात, जेव्हा प्रणालीत देवनागरीसाठी जागा नव्हती, तेव्हा श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या टंकांनी रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. हा मार्ग स्मृतीच्या हिशेबाने अत्यंत काटकसरीचा होता आणि त्या काळी तो शहाणपणाचाही होता. त्याच्याशिवाय तालुक्यातील डीटीपी केंद्रांत लग्नपत्रिका, शपथपत्रे आणि निविदा मराठीत छापल्या गेल्या नसत्या. परंतु असा मजकूर त्या टंकाविना वाचता येत नाही, आणि टंकासोबत येणारी कळफलकाची आज्ञावली, तसेच अनेकदा तिचा परवाना तपासणारा डोंगल, केवळ विंडोजवर चालत. परिणामी केंद्रचालकाने जुन्या यंत्रावर लिनक्स बसवणे म्हणजे स्वतःचे दहा वर्षांचे मराठी काम गोधडीसारखे उसवून पुन्हा शिवणे होते. एके काळी लिपीसाठी केलेली काटकसर पुढे यंत्राची काटकसर करू देईना.

पर्याय शक्य होता, हे दोन उदाहरणांतून दिसते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैरात धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. तिथल्या एक्सओ लॅपटॉपमध्ये २५६ मेगाबाइट रॅम आणि एक गिगाबाइट साठवण एवढेच होते. त्यावर फेडोरा लिनक्स आणि मुलांसाठी लिहिलेला शुगर डेस्कटॉप चाले. प्रणाली यंत्राच्या मापाने बेतली तर तेवढी स्मृती पुरते. दुसरे उदाहरण केरळचे. त्या राज्याने २००० च्या दशकात आयटी ॲट स्कूलमधून शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले आणि शिक्षकांनाच प्रणाली बसवण्याचे व सांभाळण्याचे प्रशिक्षण दिले. महाराष्ट्रात देखभाल कंत्राटाकडे राहिली आणि शिक्षक परका राहिला. कक्षांना टाळे लागण्यामागे प्रस्तुत लेखकाच्या मते यंत्राच्या वयापेक्षा हे कारण मोठे आहे.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपला, तेव्हा जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याची निकड खऱ्या अर्थाने निर्माण झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास मोठी वितरणे जुन्या प्रोसेसरकडे पाठ फिरवू लागली होती. फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ कर्नलने ३८६ सोडला. उबंटूने २०१२ च्या अखेरीस पीएई, म्हणजे चार गिगाबाइटपलीकडची स्मृती हाताळण्याची सोय, नसलेले प्रोसेसर सोडले, त्यामुळे काही पेंटियम एम लॅपटॉपांवर बसवणी पहिल्याच पायरीवर थांबे. अशा वेळी डेबियन किंवा अँटीएक्सचे पीएई न मागणारे कर्नल कामी येत. ज्या यंत्राला पेन ड्राइव्हवरून सुरू होता येत नाही, त्याला सीडीच लागे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली तर घड्याळ मागे जाई आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारी. बॅटरी बदलली की ‘इंटरनेट बिघडले’ ही तक्रार मिटे. पंख्यात साचलेली धूळ झटकणे आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलणे ही परभणीच्या उन्हाळ्यात चैनीची कामे नव्हेत. मार्च २०१४ च्या ३.१४ कर्नलमध्ये झेडरॅम स्थिरावले. नितीन गुप्ता यांच्या कॉम्पकॅश प्रकल्पातून आलेले हे तंत्र स्मृतीतलाच मजकूर दाबून ठेवते, आणि संथ डिस्कवर जाण्याची वेळ लांबवते.

शेवटची भिंत ब्राउझरची निघाली. प्रणाली शंभर-दीडशे मेगाबाइटमध्ये उभी राहिली तरी आजचे एक संकेतस्थळ त्याच्या कित्येक पट स्मृती मागते, आणि दाखल्यांचे अर्ज, शिष्यवृत्ती, शाळेची माहिती भरणे हे सारे आता ब्राउझरमधूनच होते. गूगलने मार्च २०१६ मध्ये ३२ बिट लिनक्सवरील क्रोम बंद केले. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने ३२ बिट यंत्रांसाठी स्वतंत्र बसवणी देणे थांबवले. फायरफॉक्सची १४४ ही आवृत्ती त्या यंत्रांसाठी शेवटची ठरली. त्या पिढीची यंत्रे आता टंकलेखनाच्या सरावाला, बिनजोडणीच्या ग्रंथालय नोंदीला किंवा शिकण्यासाठी उघडून पाहण्याला उरली आहेत.

त्यांच्यानंतरची पिढी मात्र ६४ बिटांची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही चिप मागते, त्यामुळे दोन ते चार गिगाबाइट रॅमचे असंख्य संगणक पुन्हा एकदा निर्लेखनाच्या रांगेत आले आहेत. त्यांच्यावर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपांसह लिनक्स बसते, युनिकोड मराठी बसवणीबरोबरच येते, इन्स्क्रिप्ट कळफलक पहिल्या काही प्रश्नांतच निवडता येतो. बारावीपर्यंतच्या माहिती तंत्रज्ञान विषयात पोस्टग्रेएसक्यूएल आणि जीएनयू-खाता यांसारखी मुक्त साधने २०१९ च्या पाठ्यपुस्तकापासून आहेतच. मुख्याध्यापकाला हवा आहे तो नोंदवहीतल्या यंत्राची प्रणाली बदलण्याचा लेखी अधिकार, आणि सेलू, जिंतूर किंवा पाथरीच्या शाळेत हे काम हाताने करून दाखवणारा एक प्रशिक्षित शिक्षक.