मित्राने बहाल केलेला हुद्दा

एका चित्रकाराने दुसऱ्याला समोर बसवून त्याचे चित्र काढावे आणि ते त्यालाच देऊन टाकावे, ही पॅरिसच्या चित्रशाळांतील रीत स्नेहातून जितकी, तितकीच नडीतूनही उपजलेली होती. कारण तासन्‌तास बसणाऱ्या माणसाचे मोल चुकवावे लागे, आणि ज्याच्या गाठीला रंगांपुरतेही पैसे नसत तो एकतर आरशापुढे बसे, नाही तर मित्रापुढे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने पॅरिसच्या दोन वर्षांत स्वतःचीच वीसहून अधिक चित्रे काढली, त्यामागे ही नड होतीच.

१८८६ साली तो फेर्नां कोर्मों यांच्या चित्रशाळेत आला. सिडनीचा जॉन पीटर रसेल, वडिलार्जित संपत्तीमुळे विवंचनामुक्त असलेला, त्याला तेथेच भेटला, आणि त्याच वर्षी त्याने व्हिन्सेंटचे तैलचित्र रंगविले. पुढे लोत्रेकने १८८७ मध्ये आणि गोगँने १८८८ मध्ये व्हिन्सेंटची चित्रे काढली. ती थोर खरीच, परंतु त्यांत काढणाऱ्याची शैली आधी दिसते आणि माणूस मागाहून. रसेलने मात्र स्वतःला आवरले. किंचित वळलेले शरीर, तांबूस दाढी आणि खांद्यावरून आपल्याकडे रोखलेली ती सावध, काहीशी साशंक दृष्टी! हार्ट्रिक या समकालीन चित्रकाराने साम्याच्या बाबतीत याच चित्राची ग्वाही दिली आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती त्यावरील अक्षरे. मस्तकाच्या वरच्या बाजूला रसेलने तांबड्या रंगात व्हिन्सेंटचे नाव, ‘चित्रकार’ हा त्याचा हुद्दा आणि ‘मैत्री’ हा शब्द लिहिला होता. ज्याला बाजारात कोणी चित्रकार म्हणून ओळखत नव्हते, त्याला ही सनद एका सहव्यवसायीने दिली. आता रंग काळवंडून ती अक्षरे दिसेनाशी झाली आहेत. चेहरा आणि हात तेवढे त्या काळोखातून उजळ राहिले आहेत.

व्हिन्सेंट हे ऋण विसरला नाही. १८८८ च्या उन्हाळ्यात त्याने आर्लहून रसेलला आपल्या चित्रांवरून केलेली बारा रेखाटने पाठविली, आणि पुढल्या वर्षी सँ-रेमीच्या रुग्णालयातून आपला भाऊ थेओ याला लिहिताना रसेलने काढलेले ते चित्र नीट जपण्याची विनवणी केली.

१९०८ मध्ये पत्नी मारियाना निवर्तल्यावर शोकाच्या भरात रसेलने आपली कित्येक चित्रे स्वहस्ते नष्ट केली. हे चित्र तेव्हा त्याच्यापासून दूर, हॉलंडमध्ये, थेओच्या विधवेच्या जपणुकीत होते.