खानदेशातील सिंचननळ्या

खानदेशातील सिंचननळ्या : विहिरीचे पाणी पिकापर्यंत नेणाऱ्या चामडी, रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्या. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची फड पद्धती जुनी आहे. तीत पाणी उताराने वाहत असल्याने नळीची आवश्यकता नव्हती. ती भासली विहिरीवर.

येथील जुनी नळी म्हणजे मोटेची सोंड. चामड्याच्या मोटेला खालच्या बाजूस निमुळती सोंड जोडलेली असे. नाडा या जाड दोराने मोट आणि सोंदूर या बारीक दोराने सोंडेचे तोंड ओढले जाई. मोट वर येताना सोंड दुमडून तिचे तोंड वरच राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी येताच सोंदूर ते तोंड थारोळ्याकडे ओढी व मोट आपोआप रिकामी होई. चामडे वाळले की तडकते आणि सतत भिजले की कुजते. त्यामुळे त्यास तेल देणे, ठिगळे लावणे ही कामे नित्याची होती. मोट शिवणारे व नाडा वळणारे कारागीर बागायतीस बैलांइतकेच आवश्यक होते.

तेलावरील इंजिने व १९६० नंतर राज्य वीजमंडळामार्फत झालेला विजेचा प्रसार यांमुळे मोट मागे पडली. पंपाला दोन प्रकारच्या नळ्या लागतात. शोषण नळीवर बाहेरील हवेचा दाब पडतो. ती चेपू नये म्हणून तिच्या भित्तीत तारेचे किंवा कठीण प्लॅस्टिकचे वेटोळे घालतात. निकास नळीवर आतून दाब येतो. म्हणून तिच्यात कापडाचे किंवा सुताचे थर असतात. एकीच्या जागी दुसरी वापरल्यास ती लवकर निकामी होते. शोषणाने पाणी तत्त्वतः सु. १०.३ मी. उंच चढते, व्यवहारात मात्र सु. ७ मी. एवढेच, म्हणून पाणी खोल गेले की पंपच विहिरीत उतरवावा लागतो.

वाकोद (जि. जळगाव) येथे जन्मलेले उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या जळगाव येथील उद्योगाने १९८० मध्ये पीव्हीसी नळ्यांचे उत्पादन सुरू केले व त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाकडे लक्ष वळविले. केळीच्या बागांत ही पद्धत रुजली. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे साधे पॉलिएथिलीन ठिसूळ होते, त्यात सु. २ ते २.५ टक्के काजळी मिसळल्यास ते टिकते. ठिबकच्या नळ्या काळ्या असण्याचे हे मुख्य कारण होय. उंदीर-खारींचे दात व पाण्यातील क्षारांनी बुजणारी छिद्रे या अडचणी मात्र रंगाने सुटत नाहीत. त्यांसाठी गाळणी बसविणे, नळ्या वेळोवेळी धुणे व सौम्य आम्ल सोडणे हे उपाय करतात.

टिकाऊ नळीने पाटातील गळती व बाष्पीभवन थांबविले. पण पाण्याची एकूण मागणी त्यामुळे घटलीच असे नाही. वाचलेल्या पाण्यावर नवे क्षेत्र बागायतीखाली येऊ शकते. तापीकाठच्या यावल-रावेर गाळपट्टीत भूजल खोल गेले असून उथळ विहिरींची जागा खोल विंधनविहिरींनी घेतली आहे. मोटेच्या काळी उपशाला बैलांच्या बळाची मर्यादा होती. पंप व नळी यांनी ती दूर केली. नळीचा टिकाऊपणा हा आता कारखान्याचा प्रश्न आहे. विहिरीचा टिकाऊपणा हा पुनर्भरण व पीकनियोजन यांचा. दुसरा प्रश्न सुटल्याखेरीज पहिल्याला अर्थ उरत नाही.